मातीत जाणारी तार

प्रीतीच्या हातून कळशी पडली, ती त्या आठवड्यातली तिसरी खेप. स्टीलची कळशी कोब्यावर आपटली, गडगडत न्हाणीच्या भिंतीला गेली आणि तिच्या पोटाला आणखी एक पोचा आला. भरलेलं पाणी अंगणभर झालं. सकाळचे सात वाजले होते. लाईट सहाला आली होती आणि नऊला जाणार होती. तेवढ्या तीन तासांत पिण्याचं, वापरायचं, धुण्याचं, शेळीचं असं सगळं पाणी भरून व्हायला पाहिजे होतं.

"फोड. फोडून टाक एकदाची," चुलीपुढनं तानूबाई ओरडली. "तुज्या बापानं मागनं गाडी भरून लावून दिल्यात न्हवं कळश्या!"

प्रीती उजवा हात डाव्या हातानं चोळत उभी होती. "आत्ती, कोपरापातूर मुंग्या आल्या. नळाला करंट हाय."

"मला बरा येत न्हाय करंट?" तानूबाई चुलीतलं लाकूड मागं ओढून बाहेर आली. चपला सरकवल्या, पाण्यातनं फटक फटक करत नळापाशी गेली, नळ मुठीत धरला, बंद केला, परत सोडला. "हे बग. धरलाय. धरून हुबी हाय. आता काय मरू व्हय मी?"

प्रीतीनं बघितलं. सासूला खरंच काही झालं नव्हतं. ती खाली वाकली, कळशी उचलली आणि पदरानं नळ धरून पुन्हा भरायला लागली. पदर कोरडा होता तोवर बरं चाललं. भिजला तशी ती पुन्हा दचकली. या खेपेला कळशी तेवढी पडू दिली नाही.

तानूबाईच्या टाचांना भेगा होत्या. साध्यासुध्या नाहीत, उन्हाळ्यात त्यातनं रक्त यायचं. त्यामुळं उठल्यापासून निजेपर्यंत तिच्या पायात रबरी चप्पल असायची. उंबऱ्याच्या आत तेवढी काढायची. आणि प्रीती अनवाणी. थोरल्यांसमोर सुनेनं अंगणात पायात घालायचं नाही, ही त्या वस्तीतल्या सगळ्याच घरांची चाल. प्रीतीच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला दाराआड असत आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेल्याशिवाय तिच्या पायात येत नसत. इचलकरंजीला आईच्या घरी ती संडासलासुद्धा चप्पल घालून जायची. इथं येऊन तीन वर्षं झाली होती आणि तिचे तळपाय खरखरीत झाले होते. बाकी काही नाही.

हे दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यातलं. वारणानगरच्या अलीकडं, माळाच्या अंगाला असलेल्या बुद्धवाडीतलं हे घर. वाडीत आड एकच, आणि तो या घराच्या अंगणात; नळाला पाणी यायचं ते त्याच्यावर बसवलेल्या मोटरीनं. तानूबाईच्या नवऱ्यानं, गुंडूनं, तो दोन उन्हाळ्यांत खणला. गुंडू आत पहार मारायचा आणि तानूबाई वरून दोरानं पाटी ओढायची. जयसिंग तेव्हा अंगावर पीत होता. तो शेवग्याला बांधलेल्या झोळीत रडत पडायचा. त्याच्या आधी गावातल्या आडावर ताटकळत बसायचं आणि कुणाला दया आली तर त्यानं वरून धार सोडायची. तानूबाईनं ते पाणी चार वर्षं प्यालं होतं. म्हणून या आडाला कुणी खारट म्हटलं तरी ती भांडायला उठायची. आता सून म्हणत होती की आडाचं पाणी अंगाला चावतंय. ते ती कशी ऐकून घेणार होती?

जयसिंग डेअरीत कामाला होता. पहाटे साडेपाचला सायकल काढायचा, दुपारी चारला यायचा. लाईट असायची ती सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी एक ते तीन. घरात नवरा असला की लाईट नसायची आणि लाईट असली की नवरा नसायचा. त्याला गुरुवारी सुट्टी, तर सुट्टीदिवशी हा बाबा नऊपर्यंत तोंडावर पांघरूण घेऊन पडलेला आणि दुपारी बाजारात गेलेला.

त्या दिवशी तो आला तेव्हा प्रीतीनं त्याला चहाही न देता नळापाशी नेलं.

"हात लावा."

जयसिंगनं नळाला हात लावला. पाईपाला लावला. मोटरीच्या डोक्यावर तबल्यासारखी चार बोटं वाजवली. "कुठाय? मला तर गुदगुल्या बी हुईनात."

"आत्ता लाईट न्हाय."

"लाईट न्हाय, तर करंट कुठनं येईल?"

"तेच म्हनतोय की मी! लाईट असताना बगा. सकाळी बगा एकदा. मोटरीच्या बॉडीला करंट उतरलाय. आमच्या बाबांच्या कापडाच्या मागाला असंच व्हायचं, मिस्तरीला बोलवायला लागायचं."

"म्हंजे आता तू मिस्तरी झालीस." जयसिंग हसला. कुंपणापलीकडं शेजारची धोंडुबाई शेणी थापत होती. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला, "धोंडुकाकू, आमच्या घरात वायरमन आलाय बगा. काय बिगाडलं असलं तर सांगा." धोंडुबाईही हसली. प्रीतीचं तोंड एवढंसं झालं. ती आत गेली आणि चहा इतका उकळला की कडू झाला.

धोंडुबाई मात्र नुसती हसून थांबणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी हात धुऊन ती तानूबाईजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "तानूआक्का, राग नगं मानूस. पर आडात आसरा आसत्यात, पान्यातल्या बाया. गेल्या म्हयन्यात कोबा करताना काय देनं-घेनं ऱ्हायलं आसंल. एक नारळ, हिरवं खनाचं कापड..."

"ऊठ," तानूबाई म्हणाली.

"आगं, मी आपलं..."

"ऊठ म्हनतो न्हवं! माज्या आईनं मला कडेवर घिऊन घरातलं समदं देव नदीला सोडलं. आता ह्या वयात मी आडाला नारळ फोडू व्हय? भूत न्हाय, आसरा न्हाय, काय न्हाय. काम चुकवायची सोंगं हाईत ही."

तानूबाईचा हिशेब असा सरळ होता. आसरा नसतात, त्यामुळं आसरा झोंबल्या नाहीत. आपल्याला काही होत नाही, त्यामुळं नळाला काही झालेलं नाही. मग उरली कोण, तर सून. तिथं तिचं डोकं थांबलं ते थांबलंच. शेळीसुद्धा आठ दिवस नळाखालच्या दगडाकडं जायला तयार नव्हती. दोर ओढला तर चारी पाय रोवून मागं सरायची. तिला तानूबाईनं दोन रट्टे घातले आणि माजलीय म्हणून सोडून दिलं.

प्रीतीनं मग आपल्या परीनं युक्त्या केल्या. एक लाकडी फळी आणली आणि तिच्यावर उभं राहून पाणी भरलं. ती फळी तानूबाईनं चुलीच्या मागं नेऊन ठेवली, कारण ती भाकरीच्या डब्याखालची होती. मग तिनं नळाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. ती जयसिंगनं काढली, कारण घराला शोभत नव्हती. आर्यन चौदा महिन्यांचा होता. भिंतीला धरून धरून चालायला लागला होता आणि ओलं दिसलं की तिकडंच जायचा. प्रीती भाकरी थापता थापता पाच-पाच वेळा उठायची, त्याला आत आणायची, परत बसायची. तिला एका जागी बसवेना. खाल्लेलं अंगाला लागेना. रात्री झोपेत तिचा हात चाचपडत पोराच्या अंगावर जायचा.

बुधवारी तानूबाई उसाच्या भांगलणीला गेली होती. वाटणीची सरी लवकर उरकली आणि दुपारी दोनलाच ती खुरपं हातात घेऊन घरी आली. अंगणात प्रीती पाणी भरत होती. एका कडेवर कळशी, दुसऱ्या हातात घागर, झपाझप, न दचकता, न थांबता. हौद काठोकाठ भरला होता. आणि तिच्या पायात निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या.

तानूबाईला फक्त चपला दिसल्या. भरलेला हौद दिसला नाही.

"माज्या माघारी ही थेरं चालत्यात व्हय?"

प्रीतीनं कळशी खाली ठेवली. चपला काढल्या नाहीत. "आत्ती, हे घातलं की करंट लागत न्हाय. आज एकदाबी लागला न्हाय. म्हनून तर तुमाला लागत न्हाय."

"थोरल्याच्या म्होरं पायात घालून वर तोंड करून बोलतीस?"

"तुमी काढून बगा की एकदा. एकदाच. वल्यात हुबं ऱ्हावा आनि नळ धरा. न्हाय लागला तर मी परत कधी तोंड उघडनार न्हाय."

तानूबाईच्या कपाळाची शीर उडायला लागली. तिची सासू गावातनं जाताना चपला काखेत मारायची, ओढा आला की घालायची. तानूबाईनं स्वतः पहिली चप्पल घातली ती तिशी उलटल्यावर, आणि गावच्या मधल्या वाटेनं ती फटक फटक वाजवत गेली त्या दिवशी तिला ताप आल्यागत झालं होतं. आणि ही काल आलेली पोर तिला काढ म्हणत होती.

"मला पायातलं काढाय लावतीस?" ती पुढं झाली, वाकली आणि प्रीतीच्या पायातल्या चपला हिसकल्या. प्रीती तोल जाऊन हौदाला टेकली. तानूबाईनं दोन्ही चपला एकामागून एक पत्र्यावर भिरकावल्या. एक वर आढ्याशी जाऊन अडकली. दुसरी पत्र्यावरनं घसरत पन्हळीत आली आणि तिथं राहिली.

धोंडुबाईच्या अंगणात शेणी थापायचा आवाज बंद झाला होता. प्रीती रडली नाही. ती आत गेली, खुंटीवरची पिशवी काढली आणि आर्यनची झबली तिच्यात भरायला लागली.

चारला जयसिंग आला तेव्हा पिशवी उंबऱ्याशी होती. "रविवारी मी इचलकरंजीला जानार," ती म्हणाली.

"जा की. चार दिस ऱ्हाऊन ये. डोस्कं थंड हुईल."

"पोराला ठिवून जा," तानूबाई आतनं म्हणाली.

"पोरासाठीच चाललोय मी."

 तिघंही जेवली, पण भाकरी उरल्या.

गुरुवारी सकाळी प्रीतीनं नळाला हातच लावला नाही. आडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन पोहरा सोडला आणि दोरानं पाणी ओढायला लागली. दारात मोटर असताना सून कप्पीवर पाणी ओढतेय, हे वाडीनं बघावं म्हणूनच ती करतेय असं तानूबाईला वाटलं. तिनं मोटर चालू केली आणि नळाखाली बादली लावली. जयसिंग आत घोरत होता. प्रीतीच्या तळहाताला फोड आले होते; ती भरलेली कळशी घेऊन आत गेली.

आर्यन न्हाणीच्या भिंतीला धरून आला. बादली वाहत होती. कोब्यावर पाणी चमकत होतं. तानूबाई हौदाजवळ वाकून भांडी घासत होती. तिनं मान वर केली तेव्हा पोरगं नळापासून वीतभर होतं. भिंत सोडून, दोन पायांवर, कुणाचा आधार न घेता ते चाललं होतं. तिला त्याचं कौतुकच वाटलं. त्यानं हात पुढं केला आणि नळ धरला.

पोर मागं फेकलं गेलं. कुणीतरी छातीवर ढकलावं तसं. पाण्यात बसलं, मग पाठीवर पडलं. तोंड उघडं, डोळे उघडे, आणि आवाज नाही. तानूबाईनं राखेनं भरलेल्या हातांनी त्याला उचललं तरी आवाज नाही. मग एकदम त्यानं असा टाहो फोडला की प्रीती आतनं कळशी टाकून धावली.

"काय झालं? काय झालं त्याला?"

"पडला," तानूबाई म्हणाली. "वल्यात घसरला."

प्रीतीनं पोर ओढून घेतलं, उराशी धरलं आणि आत नेलं. त्याच्या उजव्या हाताची मूठ अजून वळलेली होती. ती तानूबाईनं बघितली होती.

ती तिथंच उभी राहिली. पडला, असं आपण का म्हणालो ते तिला कळेना. तोंडातनं निघून गेलं होतं. मोटर घरघरत होती. आतनं पोराचं रडणं आणि प्रीतीचं "नगं नगं, सोन्या" ऐकू येत होतं. तानूबाईनं इकडंतिकडं बघितलं. मग उजव्या पायानं डाव्या पायातली चप्पल काढली. मग दुसरी. ओला कोबा तळपायाच्या भेगांना झोंबला. ती दोन पावलं पुढं गेली आणि बोटांची टोकं नळाला लावली.

हात खांद्यापर्यंत उडाला. दातावर दात आपटले. बांगड्या नळाला खणकन लागल्या आणि ती मागं सरून हौदाच्या कडेला बसली.  वीस-पंचवीस दिवस. रोज दोन वेळा. ती पोरगी रोज दोन वेळा हे अंगावर घेत होती, आणि आपण तिला कामचुकार म्हणत होतो. तानूबाईला स्वतःची किळस आली.

तिनं मोटरीचा खटका पाडला आणि घरात कुणालाही न सांगता बाहेर पडली.

मौलालीचं दुकान स्टँडवर होतं, अर्ध्या मैलावर. जळालेल्या मोटरी भरायचं, वायरिंगचं. रस्त्यावर नवी खडी टाकली होती. तानूबाई जवळजवळ पळतच होती. आठ वाजून गेले होते आणि नऊला लाईट जाणार होती. लाईट गेली की एकपर्यंत काही कळणार नव्हतं. मौलाली स्टुलावर बसून बशीत चहा ओतत होता.

"मौलालीभाऊ, चला. मोटरीला करंट उतरलाय."

"बसा, वैनी. चहा घ्या. घरात सांगतो..."

"चहा नगं. नऊला लाईट जाईल. चला!"

मौलाली उठला. पाना, पकड, होल्डरमधला बल्ब पिशवीत टाकला आणि मग त्याचं लक्ष खाली गेलं. "वैनी, पायात काय न्हाय तुमच्या."

तानूबाईनं खाली बघितलं. डाव्या टाचेतनं रक्त आलं होतं. "चला म्हनतो न्हवं," ती म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा लुनावर परक्या माणसाच्या मागं बसली.

ते पोचले तेव्हा जयसिंग तोंडात ब्रश घेऊन अंगणात उभा होता. मौलालीनं कुणाशी काही बोलायच्या आत मोटर चालू केली. बल्बाची एक वायर पाईपाला टेकवली, दुसरी शेवग्याच्या बुडातल्या ओल्या मातीत खुपसली. बल्ब लागला. लख्ख नाही, लालसर, पण लागला. आडाच्या पाईपावर दिवा लागलेला बघून वाडीतली चार माणसं कुंपणाशी जमली. प्रीती आर्यनला घेऊन दारात आली. तिनं त्या बल्बाकडं बघितलं आणि खाली बसली. इतके दिवस धरलेलं रडू तिला तेव्हा आलं.

जयसिंगनं ब्रश फेकला. आपण काय केलं ते त्याला कळलं होतं, आणि असं कळलेल्या माणसाला दुसरा कुणीतरी लागतो. "मामा, ह्ये काय? दोन वर्सामागं मोटर तुमीच बसवलासा. अर्थिंग केलोय म्हनून सांगितलासा न्हवं?"

"केलतो की. कोळसा, मीठ, पत्रा, समदं घालून केलतो." मौलाली मोटरीपाशी वाकला आणि त्याचा आवाज बसला. "हितं, ह्या बोल्टाला तार हुती. जाड, आठ नंबरची. तार कुठाय?"

"मला इचारतासा? हुती तर गेली कुठं? मातीनं खाल्ली? पत्र्याचं सांगायचं आनि नुस्ता खड्डा बुजवायचा! माजं पोरगं मेलं असतं आज!"

"जयसिंग, जीभ आवर. गुंडू माजा दोस्त हुता. त्याच्या घरात मी असलं करीन व्हय?"

"दोस्ताच्याच घरात चालतंय असलं. कोन इचारनार?"

कुंपणाशी कुजबुज झाली. पाच गावांत मौलालीनं बसवलेल्या मोटरी होत्या. आता सांजेपर्यंत प्रत्येक जण आपापली तार बघणार होता. तो म्हातारा माणूस शेवग्याच्या बुडाशी बसला आणि तिथं पडलेल्या तानूबाईच्या खुरप्यानं माती उकरायला लागला. वीतभरावर काळा कोळसा लागला. त्यानं एक खडा उचलून जयसिंगला दाखवला. आणखी उकरल्यावर तारेचं बोटभर टोक वर आलं, पिळून तोडलेलं.

"ह्ये बग. खाली पत्रा हाय. तार कुनीतरी काढलीय."

"कोन काढंल? आमच्या घरात येऊन कोन काढंल?"

तानूबाई दोन पावलांवर उभी होती. तिची नजर शेवग्याच्या फांदीवर गेली. तिथनं न्हाणीच्या खांबापर्यंत धुणं वाळत घालायची तार ताणलेली होती. जाड, सरळ, झोळ न पडणारी. तिच्यावर आर्यनची झबली आणि लंगोट वाळत होते. कोबा घालायच्या वेळी अंगण खणलं तेव्हा ती तार वर आली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येत होती. मोटरीला बांधलेली आणि मातीत गेलेली. पलीकडं काही नाही. तानूबाईनं तिथला बोल्ट पकडीनं सैल केला होता, मातीतलं टोक पिळून पिळून तोडलं होतं आणि चांगली तार फुकट जात होती म्हणून तिची दोरी केली होती. धोंडुबाईला तिनं ती कौतुकानं दाखवलीही होती.

ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. तार ही तारेसारखीच दिसते. जयसिंग अजून ओरडत होता आणि मौलाली हातातल्या कोळशाकडं बघत बसला होता. तानूबाई शेवग्यापाशी गेली. एकेक झबलं काढून खांद्यावर टाकलं. खांबाला दिलेले वेढे सोडवले, फांदीचे सोडवले आणि ती तार आणून मौलालीच्या पुढ्यात टाकली.

"मी काढली."

जयसिंग तिच्याकडं वळला.

"कुठंच जात न्हवती. मातीत तेवढी जात हुती. मला वाटलं, फुकट पडलीया. त्यांच्यावर वरडू नगंस, जयसिंग. मी काढली."

कुंपणाशी धोंडुबाईनं तोंडाला पदर लावला. जयसिंग खाली बघत "मामा..." म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. टिकाव आन," मौलाली म्हणाला. मग तानूबाईकडं वळून, आवाज न चढवता: "वैनी, ह्या तारंचं कामच मातीत जायचं हाय. मोटरीच्या अंगात आलेलं ही खाली नेती. ही नसली, तर ते मानसाच्या अंगातनं खाली जातंय. पायात चप्पल असली तर वाट गावत न्हाय. अनवानी असलं की गावती."

तेवढ्यात लाईट गेली.

दिवसभर खणणं चाललं. आता लाईटची धास्ती नव्हती, पण ऊन होतं. जयसिंग कमरेइतका खड्ड्यात उतरला. त्याला टिकावाची सवय राहिली नव्हती, बाराच्या सुमाराला तळहात सोलले. तानूबाई पाटीनं माती वर ओढत होती. दोनदा प्रीती पुढं आली आणि दोनदा तानूबाईनं तिला हातानंच मागं सारलं. पत्रा पुन्हा बसवला. कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. मौलालीनं नवी तार आणली आणि मोटर, पाईप, नळ, आडावरचे कप्पीचे लोखंडी खांब, सगळं एकमेकांना बांधून एकच तार मातीत उतरवली. "आता कुनाच्याबी अंगात येऊ दे, समद्यांचं मिळून खाली जाईल," तो म्हणाला. मोटरीच्या आतल्या तारांना ओल धरली होती, म्हणून ती उचलून दुकानात नेली. दोन दिवस घरानं पोहऱ्यानं पाणी ओढलं. त्यातलं जास्त तानूबाईनं ओढलं, आणि उंबऱ्याशेजारची पिशवी तशीच होती.

शनिवारी जयसिंग रजा काढून घरी होता. दुपारी एकला लाईट आली. मोटर बसवून मौलालीनं बल्बाची वायर पाईपाला लावली. लागला नाही. नळाला लावली, कप्पीला लावली. नाहीच लागला. मग त्यानं हाताची उलटी बाजू नळाला टेकवली आणि मान हलवली. "खड्डा वाळू द्यायचा न्हाय. उन्हाळ्यात रोज दोन बादल्या पानी. इसरायचं न्हाय." तो गेला. जयसिंग त्याला सोडायला रस्त्यापर्यंत गेला. तिथं तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होता.

तानूबाईनं शिडी आणून पत्र्याला लावली.

"आत्ती, काय करतासा? पत्रा तापलाय," प्रीती म्हणाली.

तानूबाई चढली. पन्हळीतली चप्पल हाताला आली. आढ्याजवळची येईना, ती गुडघ्यांवर पत्र्यावर गेली, हात भाजला, तरी काढलीच. धोंडुबाई कुंपणाशी येऊन उभी होती. तानूबाई खाली उतरली, दोन्ही चपला पदरानं पुसल्या आणि सुनेच्या पायांशी ठेवल्या.

"पायात घाल."

"आता काय गरज हाय? मामांनी केलं न्हवं समदं."

"गरज नसली तरी घाल."

प्रीती हलली नाही. आर्यन तिच्या कडेवर होता, त्यानं तिच्या मंगळसूत्राला मूठ घातली होती. तानूबाईनं त्या मुठीकडं बघितलं.

"परवा त्यो पडला न्हवता," ती म्हणाली. "नळ धरला हुता त्यानं. मी बगितलं. नळानं टाकलं त्याला."

 प्रीतीनं पोराचा हात धरला, तळवा उघडून बघितला, बोटं बघितली, दोन दिवसांनी त्यात काही दिसणार असल्यासारखी. मग वर बघितलं.

"मंग खोटं का बोललासा?"

 आड माझा होता म्हणून, असं तानूबाईला म्हणायचं होतं. तू खरी ठरली असतीस म्हणून, असंही म्हणायचं होतं. तिनं नुसती मान खाली घातली. पोक्त बाई सुनेसमोर मान खाली घालून उभी आहे हे धोंडुबाईनं बघितलं आणि तिलाच लाज वाटून ती आत गेली.

प्रीतीनं आर्यनला जमिनीवर सोडलं नाही. एका हातानं त्याला धरून तिनं चपला पायात सरकवल्या. "उद्या मी जानारच हाय, आत्ती," ती म्हणाली. "चार दिसांनी येतो."

"ये," तानूबाई म्हणाली.

प्रीती सासूसमोरनं चपला वाजवत नळापाशी गेली आणि कळशी लावली. तानूबाईनं हौदातली बादली उचलली, शेवग्याच्या बुडाशी नेली आणि नव्या मातीवर ओतली. माती पाणी पीत राहिली.

"आत्ती, आनि एक वता," नळापाशी उभी असलेली प्रीती म्हणाली. "मामा दोन म्हनाल्यात."

आजवर त्या घरात सुनेनं सासूला काम सांगितलं नव्हतं. तानूबाईच्या चपला गुरुवारपासून हौदाशेजारी पडून होत्या. तिकडं न बघता ती रिकामी बादली घेऊन ओल्या कोब्यावरनं अनवाणी नळाकडं गेली. प्रीतीनं आपली कळशी बाजूला केली आणि तिला नळ सोडून दिला.